पहिली तोफ कोणाची?

शाळामास्तराच्या अंगी जी काही कौशल्ये असावी लागतात, त्यांत न्यायनिवाडा हे एक मोठे कौशल्य आहे. मधल्या सुट्टीत दोन पोरांची जुंपते, दोघांनाही ओढत आणले जाते, आणि दोघेही एकच वाक्य एकाच सुरात म्हणतात : "गुरुजी, यानं आधी मारलं." आधी कोणी मारले, हे थोडी चौकशी केली की बहुधा कळते. पण तेवढ्याने निवाडा होत नाही. कारण ज्याने आधी हात उगारला त्याची पाटी कोणी लपवली होती, त्याच्या बापाच्या नावावरून त्याला कोण चिडवत होते, आणि तो कधी हात उगारतो याची वाट पाहत कोण उभे होते, हे प्रश्न राहूनच जातात. वर्गातली खरी हुशार पोरे कधी हात उगारीत नाहीत. समोरच्याला तो उगारावा लागेल अशी तजवीज करतात आणि नंतर डोळे पुशीत गुरुजींकडे येतात. अशा पोरांचे पुढे काय होते, असे कोणी मला विचारले तर मी सांगेन, की त्यांतली पुष्कळशी चांगल्या हुद्द्यावर चढतात.

हा विनोद वाटेल. परंतु राज्याराज्यांच्या भांडणात लढाई पेटण्याआधीची दोनतीन वर्षे वाचली, की मधल्या सुट्टीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तिथेही सगळ्यांची धडपड युद्ध टाळण्यासाठी नसते, ते जिंकण्यासाठीही नसते. ती असते पहिली तोफ आपल्या नावावर पडू नये म्हणून. या धडपडीत नीती किती आणि कसब किती, हा आजचा माझा प्रश्न आहे. माझे शिक्षण जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा मोठ्या तत्त्वज्ञांची नावे घेण्यापेक्षा खाडीपलीकडच्या एका किल्ल्यापासून सुरुवात केलेली बरी.

आमचे वळ गाव भिवंडी तालुक्यातले. आज त्याची ओळख गोदामांचे गाव अशी आहे. जिथे भाताची खाचरे होती तिथे पत्र्याची उंच छपरे उभी आहेत, आणि मुंबईच्या घरोघरी जाणारा माल आधी आमच्या बाजूला येऊन विसावतो. काल्हेर-कशेळीवरून खाडीचा पूल ओलांडला की ठाणे. तिथले मध्यवर्ती कारागृह आहे ते जुन्या किल्ल्यात. किल्ला बांधावयास घेतला पोर्तुगीजांनी, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. या किल्ल्यात १८१५ साली एक बडा कैदी आणून ठेवण्यात आला. त्याचे नाव त्र्यंबकजी डेंगळे.

त्र्यंबकजी हा दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी. जासुदाच्या कामापासून सुरुवात करून तो धन्याच्या उजव्या हाताला जाऊन बसला होता. धन्याच्या मनात काय आहे ते धन्याने उच्चारण्याआधी ओळखणे, ही त्याची विद्या. कारभाऱ्याला एवढी एक विद्या असली की बाकीच्या नसल्या तरी चालते. समोर पुण्याचा इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तो १८११ पासून संगमावरच्या बंगल्यात राहत होता. पुस्तके वाचणारा, पहाटे घोड्यावरून फिरणारा, सभ्य मनुष्य. शनिवारवाड्यात सकाळी कोण आले आणि कोण गेले, ते संध्याकाळी त्याच्या टेबलावर येत असे. बाळाजीपंत नातू यांच्यासारखी माणसे त्यासाठी होतीच.

या दोघांच्या मध्ये बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन आले. पेशवे आणि गायकवाड यांच्यात जुन्या येणे-देण्याचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा तंटा होता. तो मिटविण्यासाठी गायकवाडांचे वकील म्हणून शास्त्री पुण्यास आले, आणि त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. मग जे झाले ते कोणत्याही कचेरीत होते तसेच झाले. हिशेब बाजूला राहिला आणि माणसाला फिरविण्याचे प्रयत्न सुरू झाले. पेशव्यांनी आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला देण्याचे ठरविले, तयारी झाली, आणि शास्त्र्यांनी पाऊल मागे घेतले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतताना शास्त्र्यांचा खून झाला.

हुकूम कोणाचा? एल्फिन्स्टनने दोष त्र्यंबकजीवर ठेवला. पेशव्यांचा त्यात हात किती, याविषयी आजही एकमत नाही. आणि एकमत नाही हीच अशा कामाची खूण असते. चांगल्या कारभाऱ्याने केलेल्या कामावर धन्याची बोटे उमटत नाहीत. पेशव्यांनी आधी त्र्यंबकजीला वसंतगडावर ठेवले, मग रेसिडेंटचा आग्रह वाढल्यावर इंग्रजांच्या स्वाधीन केले. आणि तो आमच्या शेजारी, ठाण्याच्या किल्ल्यात आला.

इंग्रजांनी बंदोबस्त मोठा चोख ठेवला. देशी शिपाई फितूर होतील म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. त्या हुशारीतच खोट होती. किल्ल्यातल्या एका साहेबाच्या पदरी एक मराठा मोतद्दार होता. साहेबाचा घोडा फिरवून आणताना तो कैद्याच्या खिडकीखालून जाई आणि सहज गुणगुणल्यासारखे गाणे म्हणे. त्या गाण्यातून बाहेरची सगळी खबर आत पोचे. पहारेकरी ऐकत होते, पण कळत कोणालाच नव्हते, कारण गाणे मराठीत होते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी निसटला. ज्या रयतेवर राज्य करावयाचे तिची भाषा न येणारा पहारेकरी हा सर्वांत विश्वासू पहारेकरी, असे मानणारे सरकार केवळ इंग्रजांचेच असते असे मात्र नाही.

आता खरी गंमत सुरू झाली. रेसिडेंट विचारी, त्र्यंबकजी कोठे आहे? दरबार म्हणे, आम्हांस ठाऊक नाही. महादेवाच्या डोंगरात माणसे जमत होती. त्यांचा बंदोबस्त करावयास पेशव्यांची फौज निघाली. ती त्याच मुलुखात तळ देऊन राहिली आणि तिने कळविले, की बंडवाले कुठे आढळत नाहीत! ही हकीकत ग्रँट डफने लिहून ठेवली आहे. डफ हा तेव्हा पुण्यात असलेला इंग्रज अधिकारी. त्याच्या दौतीत शत्रूची शाई होती हे धरूनच त्याला वाचावे. परंतु हा प्रसंग वाचताना मला तो खोटा वाटत नाही, कारण 'प्रत्यक्ष पाहणी केली असता तसे काही आढळून आले नाही' हा शेरा मारणारी लेखणी अजून जिवंत आहे.

मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने त्र्यंबकजीला हवाली करण्याची मुदत घातली आणि तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड हे तीन किल्ले मागितले. पेशव्यांनी किल्ले दिले आणि आपल्याच कारभाऱ्याला पकडून देणाऱ्यास २ लाख रुपयांचे इनाम जाहीर केले. १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला. मराठमंडळाचे प्रमुखपण पेशव्यांनी कागदावर सोडले, आणि बरोबर बराच मुलूखही सोडला. त्यांत आमचे उत्तर कोकण होते.

इथे मी थोडा थांबतो. जूनच्या मध्याला या बाजूचा शेतकरी राब भाजून मोकळा झालेला असतो, पेरणी झालेली असते, आणि आवण उतरते की नाही इकडे त्याचे डोळे लागलेले असतात. त्या आठवड्यात त्याचा राजा बदलला. एकही तोफ वाजली नव्हती. एकाही कारभाऱ्याने त्याला विचारले नव्हते, आणि ज्यांनी सह्या केल्या त्यांनी त्याचे गाव पाहिले असेल असे समजण्यास जागा नाही. युद्ध सुरू होण्यापूर्वीच युद्धाची किंमत फेडून मोकळी झालेली अशी हजारो माणसे असतात. त्यांच्या घरी बखर लिहिली जात नाही.

तहानंतर दोन्ही पक्ष अधिकच गोड झाले. ऑगस्टमध्ये माहुलीला सर जॉन माल्कम पेशव्यांना भेटला. हा दिलदार, बोलका गृहस्थ. पेशव्यांच्या शब्दांनी त्याची खात्री पटली, की ही फौज आता पेंढाऱ्यांवर इंग्रजांच्या मदतीस यावयाची आहे. त्याने फौज जमविण्यास उत्तेजन दिले. किल्लेही परत मिळाले. एल्फिन्स्टनला शंका होती. पण तिकडे गव्हर्नर जनरलची पेंढाऱ्यांवरील मोहीम ठरलेली, तेव्हा पुण्यात आपल्याकडून कुरापत निघाली असे दिसता उपयोगी नाही, म्हणून तोही गप्प बसला. म्हणजे एक जण शत्रूच्या संमतीने शत्रूविरुद्ध फौज जमवीत होता, आणि दुसरा सर्व समजूनही काही समजत नसल्यासारखा चहा पीत होता. १९ ऑक्टोबरचा दसरा थाटात झाला. पलटणीतले शिपाई फोडण्याचे प्रयत्न चालू होते आणि ते चालू आहेत हे यशवंतराव घोरपडे रेसिडेंटला कळवीत होते. मुंबईहून गोरी पलटण आल्यावर १ नोव्हेंबरला इंग्रजांनी आपला तळ खडकीला हलविला.

५ नोव्हेंबर १८१७. दिवाळी तोंडावर आली होती. पेशवे पर्वतीवर जाऊन उभे राहिले. खाली बापू गोखल्यांची फौज पसरली होती. इंग्रजांकडे २,८०० च्या आसपास माणसे, गोखल्यांकडे त्यांच्या कैक पट. इंग्रज फौज पुढे सरकताना दिसली आणि पर्वतीवरून गोखल्यांकडे जासूद धावला. निरोप काय? पहिली तोफ आपली होऊ देऊ नका.

दोन वर्षे ज्याच्यासाठी खून पचविला, माणूस दिला, माणूस पळू दिला, किल्ले दिले, मुलूख दिला, फौज जमविली, पलटणी फोडू पाहिल्या, त्या लढाईच्या माळावर सगळे मांडून झाल्यावर हा निरोप! गोखल्यांनी जासूद येताना पाहिला, तो काय घेऊन येत असेल ते ओळखले, आणि निरोप पोचण्याआधीच तोफा डागल्या.

पुढचे शाळेच्या पुस्तकात आहे. संध्याकाळी लढाई हातची गेली, संगमावरचा बंगला जळला, त्यात एल्फिन्स्टनची पुस्तके गेली, आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण बाळाजीपंत नातूंनी चढविले. पण मला त्या खेळातल्या माणसांचे शेवट पाहावेसे वाटतात. ज्याने तोफ डागली ते बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत पडले. त्र्यंबकजी पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेत मेला. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. आणि 'पहिली तोफ आपली नको' असे ज्यांनी सांगितले, ते जून १८१८ मध्ये त्याच माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना ८ लाखांच्या तनख्यावर बिठूरला १८५१ पर्यंत राहिले.

कोणी म्हणेल, मास्तर, पहिली तोफ न डागणे हे काय पाप आहे? जगात सगळ्यांनीच पहिली तोफ न डागण्याचे ठरविले तर युद्धेच होणार नाहीत. आक्षेप खरा आहे, आणि त्याला खरे उत्तर दिले पाहिजे. न डागण्याचे दोन प्रकार आहेत. एक मनुष्य तोफ डागीत नाही आणि तोफांचे गाडे माघारी वळवितो. त्याला मी नमस्कार करीन. दुसरा तोफ डागीत नाही, पण दारू ठासून, तोंड वळवून, वात शेजारी ठेवून बाजूला होतो. पहिल्याला युद्ध नको आहे. दुसऱ्याला युद्धाचा दोष नको आहे. दोघांचे हात सारखेच स्वच्छ दिसतात, म्हणून फसगत होते. हात पाहून हा फरक कळत नाही. गाडे माळावर कोणी आणले ते पाहावे लागते. आणि त्या दृष्टीने पाहिले तर १८१७ साली पर्वतीवरचा धनी आणि संगमावरचा साहेब यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. एकाला नशिबाने साथ दिली, एवढेच.

हा केवळ पुण्याचा रोग समजू नये. १९१४ च्या जुलैत ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता द्यावयाचे ठरविले, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष रशियात पाहुणे होते. दोन मित्रांना समोरासमोर बसून विचार करता येऊ नये म्हणून पाहुणे निघेपर्यंत खलिता अडवून धरला, आणि २३ जुलैला ४८ तासांच्या मुदतीने तो दिला. घरचा पाहुणा गाडीत बसेपर्यंत भांडण तोंडात धरून ठेवणारी मंडळी आपण पाहिली आहेत. ती सम्राटांच्या दरबारीही असतात. इकडे फ्रान्सने आपले सैन्य सरहद्दीपासून १० किलोमीटर मागे ठेवले, पहिली गोळी आपली ठरू नये म्हणून, आणि १ ऑगस्टला सार्‍या देशात सैन्यभरतीचा हुकूम काढला. चार वर्षांनी मेलेल्यांची गणती लाखांनी झाली. पहिली गोळी कोणाची, यावरचे ग्रंथ मात्र अजून निघतात.

लोकशाहीत तोफ फिरते ती कागदाच्या रूपाने. १९६२ च्या सप्टेंबरात ईशान्य सरहद्दीवर चिनी सैन्य पुढे आले होते. पंतप्रधान नेहरू परदेशी होते, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला. २२ सप्टेंबरला दिल्लीत बैठक झाली. चिन्यांना हाकलून लावावे असे धोरण होते. सेनापती थापर यांना परिणामांची धास्ती होती. त्यांनी हुकूम लेखी मागितला. तो मिळाला, आणि त्याखाली सही होती एका संयुक्त सचिवाची. या गोष्टीत प्रत्येक जण आपापल्या जागी नियमाने वागला आहे. धोरण वरून आले, शंका खालून गेली, कागद मधून निघाला. ज्यांनी ठरविले त्यांची सही नाही, ज्याची सही आहे त्याने ठरविले नाही, आणि ज्याला धोका दिसत होता त्याच्या हाती कागद आला. 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' या सहा शब्दांत किती सुरक्षितपणा भरलेला आहे, हे कचेरीत काम केलेल्यालाच समजेल. हिमालयातल्या थंडीत सुती कपड्यांवर उभ्या असलेल्या शिपायाला तो सुरक्षितपणा पुरला नाही. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला आला. त्या वर्षीही दिवाळी तोंडावर होती.

त्या पराभवानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे तेव्हा म्हटले गेले. मला त्यांच्या कारकिर्दीतली आठवते ती १ सप्टेंबर १९६५ ची संध्याकाळ. छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले होते. विमानदल उतरविल्याशिवाय निभाव लागत नव्हता, आणि उतरविले म्हणजे भांडणाचे युद्ध होणार. सेनापती चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जनसिंग चव्हाणांसमोर होते. मंत्रिमंडळाची बैठक बोलवा, पंतप्रधानांकडे टिप्पणी पाठवा, लेखी घ्या, असे शंभर सभ्य मार्ग मोकळे होते. चव्हाणांनी काही मिनिटांत परवानगी दिली आणि मग पंतप्रधान शास्त्रींना कळविले. त्या पहिल्याच संध्याकाळी आपली विमाने पडली, वैमानिक गेले. म्हणजे निर्णय फुकटचा नव्हता. आणि तो आपला आहे हे त्यांना दुसऱ्या कोणावर ढकलता येण्यासारखे नव्हते. तो बरोबर होता की चूक, यावर लष्करी माणसे बोलोत. मला एवढेच दिसते, की गाडे दुसऱ्याने माळावर आणले होते, आणि हा मनुष्य पर्वतीवर जाऊन उभा राहिला नाही.

कारभाऱ्याची नीती म्हणून काही असेल तर ती मला यातच सापडते. कारभाऱ्याने खोटे बोलू नये, लाच खाऊ नये, हे तर झालेच. पण सर्वांत मोठी लाच म्हणजे आपण पुढे निर्दोष ठरू ही खात्री. ती पैशात मिळत नाही, म्हणून कोणी पकडत नाही. तिच्या लोभाने चांगली चांगली माणसे ऐन वेळी आपले मत गिळतात, दुसऱ्याचे मत कागदावर चढवितात, आणि खिडकीखालचे गाणे ऐकू येत असून अर्थ विचारीत नाहीत.

सणासुदीच्या अंकात हे कशाला, असे घरच्या मंडळींना वाटत असेल. पण आमच्या बाजूची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गोदामे आल्यापासून इकडच्या जमिनीला भाव आला आणि सातबाऱ्यावरची नावे जड झाली. अनेक घरांत भाऊ भावाशी बोलत नाही. तंटा मिटावा असे दोघांनाही वाटते, पण वकिलाची पहिली नोटीस दुसऱ्याची यावी अशी दोघांचीही तजवीज चाललेली असते. कोणी बांध थोडा सरकवितो, कोणी मोजणीच्या दिवशी गावाला जातो, कोणी बहिणीकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेताना तिला तो वाचून दाखवीत नाही. नंतर सगळे शपथेवर सांगू शकतात, की भांडण आम्ही सुरू केले नाही. आणि त्यांचे म्हणणे खरेही असते!

या दिवाळीत भाऊबीजेचे ताट पुढे आले, की ओवाळणारीच्या मनात असे काही राहिले आहे का, ते तिला सरळ विचारावे. हिशेब काढावा, कागद वाचून दाखवावा, आणि जे आपण मांडून ठेवले असेल ते आपल्याच हाताने आवरावे. विचारले की ऐकावे लागते, आणि ऐकले की थोडे द्यावेही लागते. पुण्याच्या त्या दोन वर्षांत इतके तह, इतके खलिते आणि इतक्या भेटी झाल्या. पण कोणी कोणाला खरा प्रश्न विचारल्याची नोंद मला सापडत नाही. तो विचारण्यासाठी कारभारी असावे लागत नाही, मॅट्रिकही असावे लागत नाही.